लाखेत ठसलेलं गाणं

या रे पोरांनो, कंदिलाची वात जरा वर करा आणि बसा असे जवळ. आज एका किड्याची गोष्ट सांगतो. पण तिची सुरुवात आहे सातासमुद्रापलीकडे, अमेरिकेतल्या ब्रिस्टल गावात. गाव मोठं मजेचं, भर बाजाररस्त्याच्या मधून दोन राज्यांची शीव गेलेली. इकडचं दुकान टेनेसीत, समोरचं व्हर्जिनियात. मिठाला म्हणून रस्ता ओलांडला की माणूस परराज्यात!

१९२७ सालचा जुलै सरत आला होता. राल्फ पीअर नावाचा गृहस्थ व्हिक्टर कंपनीची ध्वनिमुद्रणाची यंत्रं घेऊन तिथं उतरला, टोप्यांच्या कंपनीच्या जुन्या इमारतीत त्यानं बस्तान मांडलं आणि डोंगरातल्या गाणाऱ्यांना सांगावा धाडला. बारा दिवसांत त्यानं ७६ ध्वनिमुद्रणं केली. रेल्वेत काम केलेला, क्षयानं पोखरलेला जिमी रॉजर्स तिथंच पहिल्यांदा यंत्रासमोर गायला. तिथंच आलं कार्टर कुटुंब: ए. पी. कार्टर, त्याची बायको सारा आणि धाकट्या भावाची बायको मेबेल. मेबेल अवघी अठरा वर्षांची, पोटुशी, दिवस भरत आलेले, आणि तशीच ती डोंगरातल्या खाचखळग्यांतून मोटारीनं आली, मांडीवर गिटार घेऊन बसली.

तिची वाजवायची तऱ्हा ऐका. अंगठ्यानं जाड तारांवर चाल आणि बोटांनी बारीक तारांवर ठेका! आमची आजी जात्यावर एका हातानं खुंटा फिरवायची, दुसऱ्यानं घास घालायची आणि वर ओवी म्हणायची, तसंच ते. ही तऱ्हा पुढं किती वादकांनी उचलली, त्याला गणती नाही.

आता गंमत अशी, की दोन-तीन वर्षं आधी हे वाजवणं नीट टिपलंच गेलं नसतं. तेव्हा भोंग्यासमोर मोठ्यानं गावं लागे, कारण आवाजाच्याच जोरावर सुई हलायची आणि गिटारीचा नाजूक झंकार वाटेतच विरून जायचा. १९२५ च्या सुमारास ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन आला. तो आवाजाची थरथर विजेत उतरवतो, ती वीज वाढवता येते आणि मग सुई मेणाच्या जाड तबकडीवर त्या थरथरीची नागमोडी चरी कोरते.

पण मेण पडलं मऊ. सुई दोनदा फिरली की चरी बुजणार. म्हणून मेणावर धातूचा थर चढवून साचा करायचा आणि तो दाबायचा कशावर, तर लाखेवर! आता आला आपला किडा.

लहानपणी मी टपालात पाहिलंय, पोस्टमास्तर लाखेची कांडी ज्योतीवर धरायचे, पाकिटावर टपकन थेंब पडायचा आणि त्यावर पितळी शिक्का दाबला की अक्षरं जशीच्या तशी. ऊब लागली की मऊ आणि थंडावली की दगड, हा लाखेचा स्वभाव. तीच लाख, दगडाची भुकटी आणि काजळी घालून गरम केली, साच्यात दाबली, की झाली ग्रामोफोनची काळी तबकडी. आणि त्या काळी जगाला लाख पुरवणारा मोठा देश म्हणजे आपला हिंदुस्थान, आपले पळस, कुसुंब आणि बोरी.

त्या झाडांच्या कोवळ्या फांदीवर मोहरीहून बारीक, तांबूस पिलं चढतात, सोंड खुपसतात आणि रस पिऊ लागतात. अंगातून राळेसारखा चिकट पाझर सुटतो, तो वाळत वाळत वर घुमटी उभी राहते. मादी एकदा बसली ती कायमचीच. तिचे पायसुद्धा झडतात. शेजारणी-शेजारणींच्या घुमट्या एकमेकींत मिसळून फांदीवर जाड पापुद्रा धरतो, आणि त्या अंधारात ती अंडी सांभाळते. माणूस तो पापुद्रा खरवडतो, त्याचीच लाख.

पाहा बरं पोरांनो, विधात्यानं कशाची गाठ कशाशी घातली. एका किड्याच्या आईनं पिलांसाठी बांधलेलं घर, आणि त्यात जपून ठेवलेलं एका गरोदर पोरीच्या अंगठ्याचं वाजवणं. मेबेल १९७८ साली गेली. पण ती तबकडी फिरू लागली, सुई चरीत बसली, की तो अठरा वर्षांचा अंगठा पुन्हा जाड तारेवर पडतो. लाखेनं एकदा धरलेला ठसा तिनं सोडलेला नाही.