प्रदर्शनासाठीं अंड्यांची निवड व तयारी

इंग्लंडांत कोंबड्यांचें पहिलें मोठें प्रदर्शन १८४५ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहोद्यानांत भरलें. चार वर्षांनीं अमेरिकेंत बोस्टन शहरींही तसेंच भरलें. तिकडील प्रदर्शनांत पक्ष्यांच्या पिंजऱ्यांशेजारीं अंड्यांचींही ताटें मांडतात. तीन, सहा किंवा बारा अंड्यांचें एक ताट, असा रिवाज आहे. आपल्या सभासदांपैकीं ज्यांस असें ताट मांडण्याची हौस असेल, त्यांच्यासाठीं हा लेख.

घरांतील सर्वांत मोठीं अंडीं निवडलीं कीं बक्षीस ठरलेलेंच, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. परीक्षक पाहतो एकेक अंडें, पण तोलतो सारें ताट. पांच अंडीं ६० ग्रॅमचीं व सहावें ७० ग्रॅमचें असल्यास तें सहावें ताटाचें भूषण न होतां वैगुण्य होतें. आकार, वजन, रंग व कवचाचा पोत या चारही बाबतींत सर्व अंडीं एका सांच्यांतून काढल्यासारखीं दिसावयास हवींत.

एकाच कोंबडीचीं अंडीं घेतल्यास हें सहज साधतें. परंतु सहा अंडीं जमण्यास आठवडा लागतो व तोंवर पहिलें शिळें होतें. म्हणून एकाच जातीच्या व एकाच वयाच्या दोनतीन कोंबड्या निवडून वेगवेगळ्या ठेवाव्या आणि तीन आठवडे आधींपासून प्रत्येकीच्या अंड्याचें वजन व रंग वहींत टिपावा. महसूल खात्यांत जन्म गेल्यामुळें मला वहीचें वेड आहे असें कोणी म्हणेल; पण नोंदीवांचून जोड जमत नाहीं. तलंगेचीं पहिलीं अंडीं लहान असतात, वयस्क कोंबडीचीं मोठीं पण कवचानें पातळ, दोन्ही वर्ज्य.

कवच बहुतांशीं खटाचें, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचें असतें व तें कोंबडीच्या पोटांत बनण्यास सुमारें २० तास लागतात. यास्तव कुटलेले शिंपले वेगळ्या भांड्यांत सदैव ठेवावे. कडक उन्हाळ्यांत कोंबडी धापा टाकूं लागली कीं कवच पातळ होतें. तेव्हां प्रदर्शन उन्हाळ्यांत असेल तर सावली व थंड पाणी यांची तजवीज आधीं करावी.

आतां धुण्याविषयीं. येथेंच बहुतेक ताटें बिघडतात. ताज्या अंड्यावर एक अतिसूक्ष्म लेप असतो. तोच त्याचें तेज, व तोच कवचाच्या हजारों छिद्रांचें झांकण. तांबूस अंड्यांचा रंगही मुख्यत्वें कवचाच्या बाहेरील भागींच बसलेला असतो. घासून धुतल्यानें लेप जातो व रंगावर डाग पडतात. थंड पाण्यानें तर अधिकच हानि होते; आंतील द्रव्य आकुंचन पावून छिद्रांवाटे घाण आंत ओढली जाते. किंचित् धूळ मऊ कोरड्या फडक्यानें टिपावी. अधिक मळलेलें अंडें स्वयंपाकघरांत द्यावें. तेल लावून आणलेली चकाकी परीक्षकास तत्काळ कळते. स्वच्छता खुराड्यांतच राखावी: रोज कोरडा पेंढा बदलावा व दिवसांतून तीनचार वेळां अंडीं उचलावीं.

अंधाऱ्या खोलींत, भोंक पाडलेल्या डब्यांत दिवा ठेवून प्रत्येक अंडें त्या उजेडापुढें धरावें. केसासारखी चीर, रक्ताचा ठिपका किंवा दुहेरी बलक दिसल्यास तें बाजूस काढावें. बोथट टोंकाची हवेची पोकळी शिळेपणाबरोबर वाढते. ॲगमार्कच्या ‘अ’ प्रतीस ती ४ मिलिमीटरांपर्यंतच चालते. पाण्यांत बुडवून ताजेपणा पाहण्याची घरगुती रीत येथें नको, कारण तेवढ्यानेंही तेज उणावतें.

कित्येक ठिकाणीं परीक्षक एक अंडें फोडून पाहतो. बलक उंच व वाटोळा राहावा, पांढरा भाग त्याभोंवतीं घट्ट असावा. लसूणघास व पिवळा मका दिल्यानें बलकास रंग चढतो.

नेतांना बोथट टोंक वर ठेवून कोंड्यांत अंडीं रोवावीं व नियमापेक्षां दोनतीन अधिक न्यावीं. वाटेंत एखादें तडकलें तर जोडीचें हाताशीं असतें. प्रदर्शनाहून परत आलेलीं अंडीं खुडूक कोंबडीखालीं घालूं नयेत. हिंदकळलेल्या व बरेच दिवस उघड्यावर राहिलेल्या अंड्यांतून पिलें कमी निघतात.