जोडलेले हात (भावचित्र)

जोडलेले हात : संगणक, भ्रमणध्वनी इ. साधनांवरील मजकुरात अक्षरांबरोबरच लिहिले जाणारे, दोन तळवे एकमेकांस जोडलेले दाखविणारे चिन्ह. अशा चिन्हांस भावचित्रे किंवा इमोजी म्हणतात. ‘इमोजी’ ही संज्ञा जपानी भाषेतील ‘ए’ (चित्र) व ‘मोजी’ (अक्षर) या शब्दांपासून बनली आहे.

विसाव्या शतकाच्या अखेरीस जपानमधील भ्रमणध्वनी कंपन्यांनी आपापले चित्रसंच प्रचारात आणले. प्रत्येक कंपनीचे संकेतांक वेगळे असल्याने एका कंपनीच्या साधनावरून पाठविलेले चित्र दुसरीच्या साधनावर नीट उमटत नसे. ही अडचण दूर करण्यासाठी २०१० मध्ये युनिकोड या जागतिक वर्णसंकेतनाच्या ६·० आवृत्तीत अशी अनेक चित्रे समाविष्ट झाली. त्यांत प्रस्तुत चिन्हास ‘पर्सन विथ फोल्डेड हँड्स’ (हात जोडलेली व्यक्ती) असे नाव मिळाले. बहुतेक साधनांवर आता केवळ हातच दिसतात. तथापि एकदा निश्चित झालेले नाव युनिकोडमध्ये बदलत नाही.

संकेतन : चिन्हाचा संकेतांक षोडशमान पद्धतीत १एफ६४एफ, म्हणजे दशमान पद्धतीत १,२८,५९१ आहे. युनिकोडच्या पहिल्या पातळीत ६५,५३६ स्थाने असून देवनागरी अक्षरे तीत बसतात; हे चिन्ह मात्र तिच्या पलीकडे पडते. त्यामुळे यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरी अक्षरास तीन बाइट पुरतात, तर या चिन्हास चार (एफ०, ९एफ, ९९, ८एफ) लागतात. यूटीएफ-१६ पद्धतीत ते १६ बिटांच्या दोन एककांनी (डी८३डी, डीई४एफ) दर्शवितात. तीन बाइटांपर्यंतच वर्ण साठविणाऱ्या काही जुन्या प्रणालींत मराठी मजकूर सुरक्षित राही, परंतु हे चिन्ह येताच पुढील भाग गळे किंवा सर्व नोंदच नाकारली जाई. लघुसंदेशातही हा फरक जाणवतो. रोमन लिपीतील संदेशात १६० वर्ण मावतात. त्यात हे एक चिन्ह घातल्यास मर्यादा ७० एककांवर येते. देवनागरी संदेशास सामान्यतः मुळातच ७० ची मर्यादा असते व त्यांपैकी दोन एकके हे चिन्ह घेते.

२०१५ मध्ये युनिकोडच्या ८·० आवृत्तीत त्वचेच्या वर्णच्छटा दर्शविणारे पाच परिवर्तक आले. चिन्हाच्या लगेच पुढे परिवर्तक लिहिल्यास पिवळ्या हातांऐवजी त्या छटेचे हात उमटतात. ही सोय नसलेल्या साधनावर हात व रंगाचा चौकोन अशी दोन स्वतंत्र चित्रे दिसतात.

उपयोग व अर्थ : युनिकोड संकेतांकाने चिन्हाची ओळख निश्चित होते, त्याचे रेखाटन टंकसंच तयार करणाऱ्यावर व अर्थ वाचणाऱ्यावर अवलंबून राहतो. जपानमध्ये ही मुद्रा विनंती, क्षमायाचना व आभार यांसाठी, तसेच जेवणापूर्वी व जेवणानंतर कृतज्ञता दर्शविण्यासाठी प्रचलित आहे. पाश्चात्त्य देशांत तिचा अर्थ मुख्यतः प्रार्थना असा घेतात; काही जण ती दोन व्यक्तींनी एकमेकांस दिलेली टाळी समजतात. काही जुन्या रेखाटनांत हातांमागे प्रकाशकिरण दाखविलेले असल्याने हा समज बळावला. भारतात ती सहजच नमस्कार म्हणून वाचली जाते. मराठी व्यवहारात हेच चिन्ह शुभेच्छा, आभार, निरोप आणि श्रद्धांजली या सर्वांसाठी वापरतात. म्हणून शोकसंदेशासारख्या नाजूक प्रसंगी, विशेषतः परभाषिकास लिहिताना, नुसते चिन्ह पाठविल्यास गैरसमजाचा संभव असतो. अंधांसाठी मजकूर वाचून दाखविणाऱ्या प्रणाली चित्राऐवजी त्याचे नाव उच्चारतात. तेच चिन्ह अनेकदा लिहिल्यास नावही तितक्याच वेळा ऐकावे लागते. आशय शब्दांत सांगून चिन्ह त्याच्या जोडीस ठेवल्यास दोन्ही अडचणी बऱ्याच अंशी टळतात.