दिवाळीचा किल्ला आणि अळिवाची पेरणी

शरदाचे ऊन अंगणात स्थिरावले आणि सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर आटोपला की, ज्या घरी लहान मुले आहेत तेथे दिवाळीच्या किल्ल्यासाठी विटा, गोणपाट आणि तांबडी माती यांची जमवाजमव सुरू होते. मुलांच्या हातांना याहून उत्तम शिक्षण वर्षभरात दुसरे मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. किल्ल्याच्या उतारावर पेरण्यास अळीवच श्रेष्ठ, कारण भिजताच त्याच्या दाण्याभोवती बुळबुळीत आवरण तयार होऊन तो उभ्या कड्यालाही चिकटून राहतो आणि दोन-तीन दिवसांत कोंब दाखवतो.

आमच्याकडे किल्ल्यावरील अधिकारांची मुलांमध्ये वाटणी शिवकालीन रिवाजाप्रमाणे होते: सबनिसाकडे हिशेब व हजेरी, सरनोबताकडे शिबंदी आणि हवालदाराकडे किल्ल्या, हे शेवटचे पद साडेतीन वर्षांच्या धाकट्याकडे असून तो ते अत्यंत गांभीर्याने सांभाळतो.

२०२५ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा किल्ल्यांपैकी एखादा नमुन्यासाठी मुलांनाच निवडू द्या. पेरणी वसुबारसेपूर्वी चार-पाच दिवस करा, आणि पाणी ओतू नका, हाताने शिंपडा.