दगडालाही नाव-गाव असते

आमच्या अनसिंग-वाशीम पट्ट्यात विहीर खोदायला घेतली की काळ्या मातीखाली मुरूम लागतो, मुरमाखाली काळा पाषाण लागतो आणि मध्येच कुठेतरी मांजऱ्या खडक लागतो. मांजऱ्या म्हणजे भोकाभोकांचा, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक. त्या भोकांतून कधी पांढरी गार निघते, कधी काचेसारखा चमकणारा खडा निघतो. विहिरीवरचा मजूर तो खडा क्षणभर हातात धरून पाहतो आणि ढिगाऱ्यावर टाकून देतो. फार झाले तर पोरांना खेळायला घरी नेतो. कोणी त्याला गारगोटी म्हणतो, कोणी शिरगोळा म्हणतो.

याच जातीचे उत्तम खडे जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत काचेच्या कपाटात मांडलेले आहेत आणि त्यांच्याखाली आपल्या महाराष्ट्रातील गावांची नावे लिहिलेली आहेत. ज्या घरांतील माणसांनी पिढ्यानपिढ्या दगड फोडून पोट भरले, त्या घरांना ही गोष्ट फारशी ठाऊक नसते. ती ठाऊक व्हावी, एवढ्यासाठी हा लेख.

खडा तयार कसा होतो?

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्या भागात जमिनीला भेगा पडून तप्त लाव्हारस बाहेर आला. एकदा नव्हे, अनेकदा आला. थरावर थर साचले आणि त्यातून दख्खनचे पठार तयार झाले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भूभागावर हा काळा खडक पसरलेला आहे. शास्त्रात त्याला बेसाल्ट म्हणतात.

तव्यावर धिरडे टाकले की त्याला जाळी पडते. लाव्हारस थंड होताना त्यातील वायूंमुळे अशीच जाळी पडली, पोकळ्या राहिल्या. पुढे या पोकळ्यांत गरम पाणी झिरपत राहिले. त्या पाण्यात खडकातील क्षार विरघळलेले होते. साखरेच्या पाकात दोरा सोडून ठेवला की हळूहळू त्यावर खडीसाखर जमते, तसे या पोकळ्यांच्या भिंतींवर स्फटिक जमत गेले. पोकळी मोठी, पाणी भरपूर आणि वेळ पुरेसा, असे जिथे जुळून आले तिथे स्फटिक मोठे आणि रेखीव झाले. आपल्या विहिरींत बहुधा बारीक खडे दिसतात. संग्रहालयात ठेवण्याजोगे मोठे नमुने पुणे, नाशिक, जळगाव आणि अहिल्यानगर या जिल्ह्यांतून अधिक मिळाले आहेत.

या स्फटिकांतील एका मोठ्या कुटुंबाचे नाव झिओलाइट. स्वीडनच्या क्रॉनस्टेट या शास्त्रज्ञाने १७५६ मध्ये हे नाव दिले. हा खडा तापवला की त्यातील पाणी उकळून बाहेर पडते, म्हणून त्याचे नाव ‘उकळणारा दगड’. स्टिल्बाइट हा त्यातलाच, मोत्यासारखी झाक असलेला आणि कडबा बांधलेल्या पेंढीसारखा मध्ये आवळलेला. स्कोलेसाइट म्हणजे बारीक सुयांचा जुडगा. झिओलाइटच्या शेजारीच अपोफिलाइट सापडतो, पाण्यासारखा स्वच्छ नाही तर फिकट हिरवा. ओकेनाइट तर थेट आपल्या कापसाच्या बोंडासारखा दिसतो, पांढरा आणि तंतूंचा. पोकळीच्या भिंतीला कधी कधी हिरवट मातीचा लेप असतो. अशाच हिरव्या मातीचा रंग अजिंठ्याच्या चित्रकारांनी वापरला होता.

घाट कोणी फोडला?

महाराष्ट्रातील या खड्यांकडे जगाचे लक्ष वेधले गेले ते रेल्वेमुळे. मुंबईहून पुण्याकडे जाणारा बोरघाट फोडण्याचे काम १८५६ मध्ये सुरू झाले आणि १८६३ मध्ये घाटातून गाडी धावली. बोगदे खोदताना पोकळ्यांतून सुंदर स्फटिक निघू लागले. ते साहेब लोकांनी जपून ठेवले आणि त्यांतले काही थेट लंडनच्या संग्रहालयात गेले.

हे काम किती माणसे करीत होती? १८६१ च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर घाटात राबत होते. पटकीने आणि अपघातांनी हजारो मेले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला, त्याच्यामागे त्याची पत्नी अॅलिस हिने कंत्राट पुढे चालविले. ही दोन्ही नावे इतिहासात आहेत. पण ज्या हाताने पहिला स्फटिक बाहेर काढला, त्या हाताचे नाव कुठल्याही चिठ्ठीवर नाही.

याच घाटाच्या माथ्याजवळ, लोणावळ्यापासून थोड्याच अंतरावर, कार्ल्याची बौद्ध लेणी आहेत. तीही याच काळ्या पाषाणात, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी कोरलेली. तेथील चैत्यगृहाच्या शिलालेखांत धेनुकाकट गावचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, याचे नाव कोरलेले आहे आणि दरवाजाचे काम त्याने केले असे लिहिलेले आहे. एका सुताराचे नाव, त्याच्या बापाचे नाव आणि गाव दोन हजार वर्षे टिकले. कारण कोणीतरी ते लिहून ठेवले. घाटातल्या हजारोंची नावे दीडशे वर्षांतच नाहीशी झाली. कारण ती लिहिलीच गेली नाहीत.

नोंदीची किंमत

प्रस्तुत लेखक बी.कॉम. झालेला, आवक-जावक रजिस्टर सांभाळणारा कारकून आहे. तेव्हा हिशेबाच्या भाषेतच सांगतो. खदानीत गिट्टीचा हिशेब ब्रासवर होतो. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. क्रशरमध्ये पडलेला दगड मग तो साधा असो की स्फटिकांनी भरलेला, त्याची गिट्टीच होते. तोच दगड वेळीच बाजूला काढला गेला, तर त्याचा हिशेब ब्रासवर होत नाही, नगावर होतो. असे नग व्यापाऱ्यांच्या हातून अमेरिकेतील टक्सन शहराच्या प्रदर्शनापर्यंत जातात. १९५५ पासून सुरू झालेले हे प्रदर्शन फेब्रुवारी महिन्यात भरते. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खदानींतून निघालेला गडद निळा कॅव्हानसाइट जगभरच्या संग्राहकांना माहीत आहे. राहुरी तालुक्यातील मोमीन आखाडा हे गाव तर विहिरींच्या खोदकामात निघालेल्या अपोफिलाइटमुळे ओळखले जाते. म्हणजे विहीर खोदणाऱ्या मजुराच्या हातून!

खड्याची किंमत नुसत्या चमकेवर ठरत नाही. तो कोणत्या गावच्या कोणत्या खदानीतून, कोणत्या साली निघाला याची चिठ्ठी सोबत असेल तर तो अभ्यासाचा नमुना. चिठ्ठी हरवली तर नुसता शोभेचा दगड. जाणकार संग्राहक जुन्या मालकांच्या चिठ्ठ्याही जपून ठेवतात. त्या चिठ्ठ्यांवर गाव असते, व्यापारी असतो, मालक असतो. खोदणारा क्वचितच असतो. ही रिकामी जागा आपण आपल्या संग्रहात भरू शकतो.

घरचा संग्रह

यासाठी पैसे लागत नाहीत. बुटांचा रिकामा खोका, जुने वर्तमानपत्र, एक वही आणि पेन पुरे. विहिरीच्या जुन्या ढिगाऱ्यावर, शेताच्या बांधावर, नाल्याच्या पात्रात खडे मिळतात. शेतमालकाला विचारूनच घ्यावेत. प्रत्येक खड्याला कोपऱ्यात लहान क्रमांक द्यावा आणि वहीत पाच रकाने पाडावेत: क्रमांक, तारीख, गाव व जागा, खड्याचे वर्णन आणि कोणाला सापडला. शेवटचा रकाना कधीही रिकामा सोडू नये. विहिरीवरच्या मावशीने दिला असेल तर तिची परवानगी घेऊन तिचे पूर्ण नाव लिहावे.

ओळख पटविण्याच्या काही सोप्या परीक्षा आहेत. खडा काचेवर ओढला आणि खोल ओरखडा उठला तर तो बहुधा क्वार्ट्झ, म्हणजे खरी गारगोटी. सुरीने सहज खरवडला गेला आणि त्या भुकटीवर लिंबाचा रस टाकताच बुडबुडे आले तर तो कॅल्साइट. शाळेतील विज्ञानाच्या गुरुजींना किंवा बाईंना दाखवून वर्गात या परीक्षा करता येतील.

खडे धुण्यासाठी साधे पाणी आणि मऊ जुना ब्रश वापरावा. अॅसिड लावू नये, त्याने स्फटिक बिघडतात. सुयांसारख्या किंवा बोंडासारख्या खड्याला बोट लावू नये आणि तो कापसात गुंडाळू नये, तंतू अडकून तुटतात. जांभळा स्फटिक उन्हात ठेवला तर फिका पडतो.

काही गोष्टी मात्र कटाक्षाने टाळाव्यात. चालू खदानीत मुलांना पाठवू नये. सुरुंगानंतर सैल झालेला कातळ केव्हा कोसळेल याचा नेम नसतो. खदानीत कामाला असलेल्यांनी तोंडाला ओला रुमाल किंवा मास्क बांधावा. दगडाची बारीक धूळ फुफ्फुसात बसली की ती निघत नाही. बालकामगार कायदा १९८६ चा. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास आणि १८ वर्षांखालील मुलांना खाणीत राबविण्यास बंदी आहे. लेण्यांच्या भिंतीतून खडा काढणे हा गुन्हा आहे आणि आपल्याच वारशावर घाव आहे. तिथे फक्त पाहावे.

पुढची वाट

दगड फोडणाऱ्याच्या मुलाने दगडाचा अभ्यास करावा, असे मला मनापासून वाटते. वाघोली परिसरात ‘संतुलन’ या संस्थेने १९९७ पासून खाणमजुरांच्या मुलांसाठी ‘पाषाण शाळा’ चालविल्या, ही चांगली सुरुवात होती. आपल्या मुलामुलींनी बी.एस्सी.ला भूशास्त्र विषय जरूर घ्यावा. पदव्युत्तर शिक्षणाची सोय नागपूर विद्यापीठात आहे. १८५१ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात संघ लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून भूवैज्ञानिकांची भरती होते. पाण्याचा साठा कुठे आहे, धरण कोणत्या खडकावर बांधावे, हे सांगणारा माणूस हाच. आपल्या कोरडवाहू भागाला अशा माणसांची फार गरज आहे.

नाशिककडे जाणे झाले तर सिन्नरजवळच्या माळेगाव औद्योगिक वसाहतीतील ‘गारगोटी’ संग्रहालय मुलांना दाखवावे. के. सी. पांडे यांनी ते उभारले आहे. आपल्याच मातीतले खडे तिथे नीट मांडलेले पाहिले की घरच्या खोक्यातल्या खड्यांकडेही मुले वेगळ्या नजरेने पाहू लागतील.

येत्या सुट्टीत प्रत्येक घराने दहा खडे जमवावेत आणि दहा नोंदी कराव्यात. खडे बारीक असले तरी चालतील. नोंद मात्र पूर्ण असावी.