विश्लेषण : चूक पकडली, पण कळवलीच नाही! जुन्या ‘बेसिक’मध्ये एक्झिट कोडचा पेच काय होता?

प्रोग्राम शांतपणे बंद होतो, पण काम मात्र झालेले नसते. डॉसच्या काळात बेसिक भाषेतील प्रोग्रामबाबत हे सहज घडू शकत असे. चूक ओळखणे आणि ती बाहेर कळवणे ही दोन वेगळी कामे आहेत, हेच त्यामागचे कारण.

चूक कशी पकडली जाई?
अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात १९६४ मध्ये जन्मलेली बेसिक पुढे ‘जीडब्ल्यू-बेसिक’ या रूपात पीसीवर आली. त्यात ‘ऑन एरर गोटू १०००’ असे लिहिले की चूक होताच प्रोग्राम १००० क्रमांकाच्या ओळीवर जाई. ‘ईआरआर’मध्ये चुकीचा क्रमांक आणि ‘ईआरएल’मध्ये ती घडलेली ओळ मिळे. ५३ म्हणजे फाइल सापडली नाही, ६१ म्हणजे डिस्क भरली.

एक्झिट कोड म्हणजे काय?
प्रोग्राम संपताना ऑपरेटिंग सिस्टिमला देतो तो आकडा. ० म्हणजे सारे ठीक, इतर आकडा म्हणजे बिघाड, असा संकेत आहे. डॉसची बॅच फाइल तो ‘इफ एररलेव्हल’ने तपासते. मात्र ‘इफ एररलेव्हल १’चा अर्थ ‘१ किंवा अधिक’ असा होतो. त्यामुळे मोठे आकडे आधी तपासावे लागतात.

मग अडचण कुठे?
जीडब्ल्यू-बेसिकमधून डॉसकडे परतण्यासाठी ‘सिस्टिम’ ही आज्ञा होती. पण तिच्यासोबत आकडा देता येत नसे. समजा, बॅच फाइलमधील बेसिक प्रोग्राम नोंदींची नवी प्रत बनवतो आणि पुढची ओळ जुनी फाइल पुसते. मध्येच डिस्क भरली आणि प्रोग्राम चूक पकडून ‘सिस्टिम’ने बाहेर पडला, तर बॅच फाइलला काहीच कळत नाही. नवी प्रत अर्धवट राहते, जुनी पुसली जाते. उलट चूक पकडलीच नसती, तर प्रोग्राम ‘ओके’ या प्रॉम्प्टवर थांबला असता आणि जुनी फाइल वाचली असती!

उपाय काय होते?
• काम पूर्ण झाल्यावरच प्रोग्रामने एक छोटी खुणेची फाइल तयार करायची आणि बॅच फाइलने ती ‘इफ एक्झिस्ट’ने शोधायची. सुरुवातीला जुनी खूण पुसणे आवश्यक.
• मायक्रोसॉफ्टच्या ‘बेसिक पीडीएस ७’मध्ये ‘एंड’पुढे आकडा देण्याची सोय आली. आजच्या ‘फ्रीबेसिक’मध्येही ‘एंड ३’ असे लिहिता येते.

जुना प्रोग्राम आज चालवायचा असेल, तर चूक हाताळणाऱ्या भागाची शेवटची ओळ आधी पाहावी. तिथून बाहेर काहीच कळवले जात नसेल, तर पुढची ‘डिलीट’ आज्ञा धोक्याची आहे.