फेरफार केलेली मोटार आणि धुराची परीक्षा

वेगवान मोटारीचे आकर्षण जगात सर्वत्र आढळते. कारखान्यातून आलेल्या मोटारीत आपल्या आवडीनुसार फेरफार करून तिची शक्ती वाढविणारे हौशी मालकही ठिकठिकाणी असतात. अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यात मात्र अशा मालकाला एका कठोर परीक्षेस तोंड द्यावे लागते. धूरतपासणीचा दाखला मिळाल्याखेरीज तेथे मोटारीच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही. ही परीक्षा कशी घेतली जाते आणि फेरफार केलेली मोटार तिच्यातून कशी पार पडते, हे समजून घेणे आपल्याकडील वाहनधारकांनाही उद्बोधक ठरेल.

परीक्षेची पार्श्वभूमी

जुलै १९४३ मध्ये लॉस एंजेलिस शहरावर दाट धुरके पसरले. नागरिकांचे डोळे चुरचुरू लागले. ते दिवस युद्धाचे असल्यामुळे शत्रूने विषारी वायू सोडला की काय, अशी शंका लोकांना आली. पुढे १९५० नंतरच्या काही वर्षांत डॉ. आरी हागेन-स्मिट या शास्त्रज्ञाने या धुरक्याचा उलगडा केला. मोटारी व तेलशुद्धीकरण कारखाने यांतून बाहेर पडणारी हायड्रोकार्बने आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांवर सूर्यप्रकाशाची क्रिया होते व ओझोनसारखी दाहक द्रव्ये निर्माण होतात, असे त्यांनी दाखवून दिले. १९६७ साली राज्याचे वायुसंपदा मंडळ स्थापन झाले आणि १९८४ पासून ठरावीक मुदतीने वाहने तपासण्याची ‘स्मॉग चेक’ योजना अमलात आली. १९७५ व त्यापूर्वीच्या पेट्रोल मोटारींना तीतून सूट आहे. त्यानंतरच्या बहुतेक मोटारींना दर दोन वर्षांनी परीक्षा द्यावी लागते.

परीक्षेची तीन अंगे

उदाहरणादाखल १९९० सालच्या घडणीची माझ्दा एमएक्स-५ ही दोन आसनी, उघड्या टपाची मोटार घेऊ. पहिली तपासणी धुराची. दाट वस्तीच्या भागांत मोटारीची चाके फिरत्या रुळांवर ठेवून इंजिनावर भार टाकला जातो व ताशी १५ आणि २५ मैल अशा दोन वेगांना हायड्रोकार्बने, कार्बन मोनॉक्साइड व नायट्रिक ऑक्साइड यांचे प्रमाण मोजले जाते. दुसरी तपासणी कार्याची. ठिणगीची वेळ, अर्थात टायमिंग, योग्य आहे किंवा नाही, पेट्रोल टाकीचे झाकण घट्ट बसते किंवा नाही, हे तीत पाहिले जाते. तिसरी तपासणी डोळ्यांनी करावयाची. प्रदूषण रोखणारा प्रत्येक मूळ भाग जागेवर आहे काय, आणि बाहेरचा एखादा भाग बसविला असल्यास त्याला मान्यता आहे काय, याची खात्री केली जाते.

हौशी मालकाची अडचण बहुधा या तिसऱ्या तपासणीत होते. एखाद्याने टर्बोचार्जर बसविला आणि धूर मर्यादेत ठेवला, तरी त्या भागाला वायुसंपदा मंडळाचा मान्यता-आदेश नसेल तर मोटार नापास ठरते. आदेश त्या विशिष्ट नमुन्याच्या मोटारीसाठीच असावा लागतो. म्हणून जाणता मालक भाग विकत घेण्यापूर्वीच आदेशाचा क्रमांक पडताळून पाहतो आणि त्याची पट्टी इंजिनाजवळ दिसेल अशी लावतो. इंजिनच बदलले असेल, तर नवे इंजिन मोटारीच्या सालाचे अथवा त्यानंतरचे असावे लागते व त्याच्यासोबतची सर्व प्रदूषणरोधक सामग्रीही बसवावी लागते. अशा मोटारीची तपासणी शासननियुक्त पंचाकडे होते. ती मान्य झाल्यास पंच मोटारीवर तशी चिठ्ठी लावतो.

यंत्रातील मेख

नियम इतके काटेकोर का, याचे उत्तर यंत्रातच आहे. धूर शुद्ध करणारी उत्प्रेरक पेटी, म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तिन्ही दूषित द्रव्यांवर एकाच वेळी प्रभावी ठरते ती हवा व पेट्रोल यांचे वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी जवळ असतानाच. शक्ती वाढविण्यासाठी पेट्रोल जास्त सोडले की कार्बन मोनॉक्साइड वाढतो. हवा जास्त झाली की नायट्रोजनची ऑक्साइडे पेटीत नीट विघटित होत नाहीत. या मोटारीत ठिणगीची मूळ वेळ १० अंशांवर असते. अनेक हौशी मालक ती पुढे सरकवितात. त्यामुळे इंजिन चपळ होते, परंतु ज्वलनाचे तापमान वाढून नायट्रोजनची ऑक्साइडेही वाढतात. परीक्षेपूर्वी टायमिंग पूर्ववत करणे, जुना ऑक्सिजन सेन्सर व झिजलेले स्पार्क प्लग बदलणे आणि पेटी पुरेशी तापावी म्हणून मोटार काही मैल चालवून केंद्रावर नेणे, हीच खरी पूर्वतयारी होय.

२००० सालापासूनच्या पेट्रोल मोटारींची परीक्षा मुख्यत्वे त्यांच्यातील संगणकाकरवी होते. दोषाचा दिवा विझविण्यासाठी बॅटरी काढणाऱ्या मालकाची तेथे फसगत होते. कारण त्यामुळे संगणकाच्या स्वयंतपासण्या अपूर्ण राहतात व मोटार परत पाठविली जाते. जुलै २०२१ पासून संगणकाची आज्ञावलीही पडताळली जाते. ती अनधिकृतपणे बदललेली आढळल्यास मोटार नापास होते.

आपल्याकडील स्थिती

भारतातील कायदा याहून वेगळा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ अन्वये, उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. पीयूसी तपासणीत मात्र पेट्रोल मोटारींच्या नायट्रोजन ऑक्साइडांचे मापन होत नाही. त्यामुळे केवळ पीयूसी प्रमाणपत्र हाती आहे म्हणून मोटारीतील फेरफार निर्दोष ठरतो, असे समजणे चुकीचे होय.

कॅलिफोर्नियाच्या अनुभवातून एक गोष्ट निश्चितपणे घेण्यासारखी आहे. त्या राज्याने हौसेला बंदी घातलेली नाही; आपल्या हौसेचा भार इतरांच्या श्वासावर पडणार नाही, याचा पुरावा मात्र मालकाकडे मागितला आहे. आपल्याकडे नोंदणी पुस्तकातील तपशील व रस्त्यावरील मोटार यांत अंतर पडू न देणे आणि सायलेन्सरच्या मार्गातील उत्प्रेरक पेटी काढून न टाकणे, एवढी दक्षता प्रत्येक वाहनधारकास सहज घेता येईल. हवा सर्वांची आहे. तिच्या शुद्धतेचा आरंभ आपल्याच वाहनापासून व्हावयास हवा.