कॅमेऱ्यामागची नजर

भारी कॅमेरा हाती आला की फोटोही उत्तमच येणार, असा अनेकांचा समज असतो. तसे असते तर घराघरांत मोबाइल आलेल्या या दिवसांत गल्लोगल्ली नामवंत छायाचित्रकार दिसले असते! मग चांगला छायाचित्रकार घडतो तो कशाने? भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे आयुष्य पाहिले की याचे उत्तर मिळते.

१९१३ साली नवसारीत एका पारशी कुटुंबात होमाईंचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्यांनी कलेचे शिक्षण घेतले. कॅमेरा चालवायला शिकवला तो माणेकशॉ व्यारावाला यांनी. पुढे तेच त्यांचे पती झाले. होमाईंची सुरुवातीची काही छायाचित्रे तर पतीच्याच नावाने छापून आली.

१९४२ साली हे दांपत्य दिल्लीला गेले. साडी नेसलेल्या, खांद्यावर अवजड कॅमेरा घेतलेल्या होमाई सायकलवरून कामावर निघत. रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यात एका रोलवर अवघे बारा फोटो निघत. फोटो कसा आला, हे रोल धुतल्यावरच कळणार. त्यामुळे उजेड कुठून येतो, माणूस आता कुठे वळेल, याचा अंदाज आधीच बांधावा लागे. बारांपैकी एकही वाया घालवणे परवडणारे नव्हते.

पालम विमानतळावर पंडित नेहरू बहिणीची, विजयालक्ष्मी पंडित यांची, वाट पाहत उभे होते. शेजारीच 'फोटो काढण्यास सक्त मनाई' अशी पाटी! होमाईंनी नेहरू आणि पाटी दोन्ही एकाच चौकटीत टिपले. नजर म्हणतात ती हीच.

पण नजर असली तरी त्या क्षणी तिथे हजर असावे लागते. ३० जानेवारी १९४८ रोजी होमाई गांधीजींच्या प्रार्थनासभेला निघाल्या होत्या. उद्या दोघे मिळून जाऊ, म्हणून पतीने त्यांना परत बोलावले. त्याच संध्याकाळी गांधीजींची हत्या झाली. आपण तिथे नव्हतो, ही सल त्यांना जन्मभर राहिली.

एवढी ओढ असूनही त्यांनी मर्यादा कधी सोडली नाही. समोरच्याला अवघडल्यासारखे होईल असा फोटो काढायचा नाही, हा त्यांच्या पिढीचा दंडक होता. नव्या छायाचित्रकारांची धक्काबुक्की आणि उद्धटपणा त्यांना सहन होईना. अखेर १९७० मध्ये, पतीच्या निधनानंतर, त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो कायमचाच.

२०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ९८व्या वर्षी, वडोदऱ्यात त्यांचे निधन झाले.

आज एका लग्नात हजारांनी फोटो निघतात. बटण कधी दाबायचे हे सरावाने जमते. कधी दाबायचे नाही, हे मात्र मनालाच शिकवावे लागते.